लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, मग पस्तिशीत हार्ट फेल्युअर कसं?

प्रश्न मुरगूडकडच्या एका भावाचा आहे. बहीण ३४ वर्षांची. लहानपणी रडली की तिचे ओठ आणि नखं निळी पडायची. सहाव्या वर्षी मुंबईत ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’चं ऑपरेशन झालं आणि पोरगी ठणठणीत झाली. शाळा, लग्न, एक बाळंतपण, सगळं नीट पार पडलं. गेल्या वर्षभरात मात्र चढाला दम लागतो, संध्याकाळी घोटे सुजतात, दोन घास खाल्ले की पोट भरतं आणि अधूनमधून छातीत धडधडतं. कोल्हापुरात टूडी एको झाला. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडतोय, असं सांगून पाण्याची गोळी (टोरसेमाइड) सुरू केली. रिपोर्टात वर ठळक ‘ईएफ ६० टक्के’ आहे, म्हणजे एका ठोक्यात कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं तो आकडा. खाली उजवा कप्पा मोठा झालाय आणि पल्मनरी, म्हणजे फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची, झडप जोरात गळतेय, असं लिहिलंय. भाऊ विचारतो: ऑपरेशन फसलं का? ईएफ नॉर्मल असताना फेल्युअर कसलं? ती बरी होईल का, की हृदय बदलावं लागेल? आणि सासरचे दुसऱ्या मुलाचं काढतायत, त्यांना काय सांगायचं?

दादा, आधी पहिल्याचं उत्तर. ऑपरेशन फसलेलं नाही. ते झालं नसतं तर बहीण बहुधा तुमच्याबरोबर मोठी झालीच नसती. पण ते ऑपरेशन म्हणजे दुरुस्ती होती, आजार मुळासकट गेलेला नव्हता. डिस्चार्जच्या वेळी हे कुणी नीट सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असेल आणि आनंदात ते ऐकू आलं नसेल. दोन्ही मी नेहमी पाहतो. लेकरू गुलाबी झालं की घरातली माणसं जोतिबाला गुलाल उधळून येतात आणि फाईल ट्रंकेत जाते.

फॅलोमध्ये चार गोष्टी एकत्र असतात: खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली, आणि या सगळ्यामुळे जाडजूड झालेला उजवा कप्पा. सर्जन छिद्रावर ठिगळ लावतो आणि अरुंद वाट मोकळी करतो. वाट फारच चिंचोळी असेल तर पल्मनरी झडपेचं कडं कापून तिथेही ठिगळ बसवावं लागतं. वाट मोकळी होते, पण झडप मिटायची बंद होते. प्रत्येक ठोक्याला फुप्फुसाकडे ढकललेल्या रक्तातलं बरंचसं उजव्या कप्प्यात परत येतं. विहिरीवरच्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह गळका झाला की काय होतं ते तुम्हाला शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको: मोटर पाणी वर ढकलते, पण थांबली की पाइपातलं पाणी परत विहिरीत.

ही गळती निरुपद्रवी आहे असं शल्यविशारद कित्येक वर्षं मानत होते, आणि त्यांना दोष देता येत नाही. निळ्या मुलांवरचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झालं. हेलन टॉसिग यांची कल्पना, आल्फ्रेड ब्लेलॉक यांचा हात आणि प्रयोगशाळेत ते तंत्र बसवणारे व्हिव्हियन थॉमस. पण त्यात छिद्र बुजवलं जात नव्हतं, फक्त फुप्फुसाकडे जास्तीचं रक्त वळवलं जाई. पूर्ण दुरुस्ती १९५४ मध्ये मिनियापोलिसला वॉल्टन लिलेहाय यांनी केली. तेव्हा भरवशाचं हार्ट-लंग मशीनसुद्धा नव्हतं. त्यांनी मुलाच्या नळ्या शेजारी झोपवलेल्या मोठ्या माणसाला, बहुतेक वेळा आईला किंवा बापाला, जोडल्या आणि त्यांच्या हृदय-फुप्फुसांवर मुलाचं रक्त फिरवत ठेवलं. अशा काळात मूल टेबलावरून जिवंत उठणं हीच जीत होती. ती मुलं तिशी-चाळिशीला पोहोचल्यावरच कळलं की गळकी झडप उजव्या कप्प्याला हळूहळू ताणते. वीस वर्षं काही जाणवत नाही, कारण उजवा कप्पा सोशिक असतो. मग तो थकतो. बहिणीचं नेमकं हेच चाललंय.

आता ईएफचं. ६० टक्के हा आकडा डाव्या कप्प्याचा आहे. एकोच्या रिपोर्टात तोच वर छापला जातो, कारण आपल्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा आजार हार्ट अटॅक किंवा ब्लडप्रेशरमुळे डाव्या बाजूचा असतो. जन्मजात आजाराच्या माणसात हा एक आकडा वाचून रिपोर्ट मिटवणं धोक्याचं आहे. बिघाड उजवीकडे असतो, आणि उजवी बाजू थकली की त्रासही वेगळ्या जागी दिसतो. मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजतं, पोटात पाणी धरतं, भूक मरते, पाय भरतात. रात्री उशाला तीन उश्या घेऊन बसणं ही डाव्या बाजूची खूण उजवीकडच्या आजारात उशिरा येते, किंवा येतच नाही. म्हणून असे रुग्ण माझ्याकडे ॲसिडिटीच्या बाटल्या आणि लिव्हर टॉनिक पिऊन झाल्यावर पोचतात. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून सोनोग्राफी होते, ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं, आणि छातीवरचा मधोमध असलेला जुना टाका ब्लाउजखाली झाकलेला राहतो. कुणी विचारतही नाही.

दुसरी अडचण रुग्णाच्याच बोलण्यात आहे. ‘त्रास काय होतो?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काय न्हाई, बरं हाय.’ ही माणसं खोटं बोलत नसतात. लहानपणापासून त्यांनी स्वतःचा वेग कमी ठेवलेला असतो, त्यालाच ती तब्येत समजतात. म्हणून मी वेगळं विचारतो. जोतिबाच्या पायऱ्या गेल्या यात्रेला किती वेळा थांबून चढलात, यंदा किती वेळा? उसात खुरपताना बरोबरच्या बायका पुढे जातात का? कळशी घेऊन येताना बोलता येतं का? तरीही शंका राहिली तर सहा मिनिटं चालवून अंतर मोजायचं, किंवा सोय असेल तिथे ट्रेडमिलवर श्वासातला प्राणवायू मोजणारी चाचणी करायची. आकडे सोसत नाहीत, माणसं सोसतात.

जन्मजात आजारातल्या फेल्युअरबद्दल माझं ठाम मत असं, की गोळ्यांची यादी लिहिण्याआधी ‘कशामुळे?’ याचं उत्तर शोधलंच पाहिजे. साठीतल्या, दोन अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा हृदयाचा स्नायूच मेलेला असतो. तिथे औषधं हाच मुख्य आधार. इथे मात्र बऱ्याच वेळा एखादी ठरावीक जागा बिघडलेली असते आणि ती दुरुस्त करता येते: गळकी किंवा चिंचोळी झडप, उरलेलं छिद्र, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतली अडचण, किंवा ठोक्यांची बिघडलेली लय. पाण्याची गोळी सूज उतरवते, माणसाला बरं वाटतं, आणि बरं वाटतंय म्हणून पुढचं एक वर्ष तसंच जातं. तेवढ्यात उजवा कप्पा एवढा ताणला जातो की झडप बसवली तरी मूळ मापावर येत नाही. टोरसेमाइड चालूच ठेवा, पण तिला इलाज समजू नका.

बहिणीच्या बाबतीत मी पहिल्यांदा काय बघेन? ईसीजी. साधी, स्वस्त पट्टी, मुरगूडलाही निघते. त्यात क्यूआरएस नावाच्या भागाची रुंदी बघायची. फॅलोच्या ऑपरेशननंतर ती थोडी वाढलेलीच असते, पण १८० मिलिसेकंदांच्या पुढे गेली तर खालच्या कप्प्यातून जीवघेणी लय सुटण्याचा धोका वाढतो. हे १९९५ पासून माहीत आहे आणि अजूनही प्रत्येक पट्टीवर मोजलं जात नाही. मग जन्मजात आजारांची सवय असलेल्या माणसाकडून पुन्हा एको. आणि त्यानंतर हृदयाचा एमआरआय, कारण उजवा कप्पा एकोत नीट मापता येत नाही. त्याचा आकारच वेडावाकडा. एमआरआयमध्ये उजव्या कप्प्याचं पूर्ण भरलेलं आकारमान शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे १६० मिलिलिटरच्या पुढे, किंवा आकुंचनानंतर उरलेलं ८० च्या पुढे गेलं, की काहीच त्रास नसलेल्या माणसातही झडप बदलण्याचा विचार करतात. तुमच्या बहिणीला तर त्रास सुरू झालाय. गळती खरोखर जास्त आहे हे पक्कं झालं की आकड्याची वाट बघत बसायचं कारण नाही. रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉईड, किडनी, यकृत आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी तपासणी). बायकांमध्ये नुसतं लोह भरून दिलं तरी कधीकधी अर्धा दम कमी होतो.

धडधडीकडे मात्र माझं जास्त लक्ष आहे. अशा रुग्णांची तब्येत आठवड्याभरात झपकन ढासळली तर पहिला संशय लयीवर घ्यावा. लहानपणी वरच्या कप्प्यावर घेतलेल्या छेदाचा व्रण राहतो, त्या व्रणाभोवती विजेचा प्रवाह गोल फिरत राहतो. ठोके मिनिटाला १२० ते १५०, तासन्‌तास एकाच आकड्यावर अडकलेले, एकदम नियमित. पट्टी वरवर बघितली तर ‘घाबरल्यामुळे ठोके वाढलेत’ असं वाटतं आणि झोपेची गोळी दिली जाते. ताप नाही, रक्तस्राव नाही, आणि आराम करूनही आकडा हलत नाही, तर ती भीती नसून बहुतेक ‘फ्लटर’, म्हणजे वरच्या कप्प्यातली ही गोल फिरणारी लय, असते. त्यात गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून रक्त पातळ करायची गोळी लागते. विजेचा हलका झटका देऊन लय परत आणता येते. आणि पुन्हापुन्हा होत असेल तर नळीतून तो व्रण जाळता येतो. धडधड चालू असतानाची पट्टी मिळाली तर अर्धं निदान झालं. तेव्हा बहिणीला सांगून ठेवा: धडधड सुरू झाली की घरी पडून राहायचं नाही, जिथे ईसीजी मशीन असेल तिथे त्याच वेळी जायचं आणि पट्टी स्वतःकडे ठेवायची. आणि चक्कर येऊन पडली, शुद्ध हरपली, तर तो इमर्जन्सीचा मामला. लिंबूपाणी पाजून उठवायचं नाही, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

बरी होईल का? झडप वेळेत बसली तर बऱ्याच जणींचा दम आणि सूज खूप कमी होते, उजवा कप्पाही आकसतो. झडप बसवायचे दोन मार्ग. छाती उघडून जैविक झडप बसवणं, हा जुना आणि खात्रीचा. दुसरा जांघेतून नळीने. तो पहिल्यांदा २००० साली पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी केला, आता आपल्याकडेही मोठ्या केंद्रांमध्ये होतो. पण ठिगळ लावून रुंद केलेली वाट इतकी मोठी आणि लिबलिबीत असते की नळीतली झडप तिथे धरेलच असं नाही. सीटी स्कॅनवर मापं घेऊनच ते ठरतं. नातेवाईक ‘बिनटाक्याचंच करा’ असा आग्रह धरतात. तो आग्रह धरू नका. जैविक झडप साधारण १० ते १५ वर्षं चालते, म्हणजे ३४ व्या वर्षी बसवली तर पुढे केव्हातरी परत एकदा जावं लागणार. हे आत्ताच ऐकलेलं बरं. हृदय बदलण्याची भाषा तुम्ही केलीय, तिची आज काही गरज दिसत नाही.

हार्ट फेल्युअरच्या नेहमीच्या चार गटांतल्या औषधांबद्दल नेटवर वाचलं असेल. त्यांचे मोठे अभ्यास डाव्या कप्प्याच्या आजारावर झालेत. उजव्या बाजूला ती तेवढीच लागू पडतात असा भक्कम पुरावा नाही. डॉक्टरांनी दिली असतील तर काही विचार करून दिली असतील, स्वतःहून बंद करू नका. पण ‘भारी गोळ्या का देत नाही’ म्हणून भांडूही नका.

हे उत्तर तुमच्यापुरतं नाही. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, आणि प्रत्येकाला फॅलो नसतो. तेव्हा इतरांसाठी थोडं.

सगळ्यात जास्त समाधान देणारा आजार म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र, एएसडी. ते चाळीस वर्षं लपून राहू शकतं. तीन बाळंतपणं झालेली, गगनबावड्याच्या चढावर वाढलेली बाई पंचेचाळिशीत दम लागतो म्हणून येते, नाडी अनियमित लागते, आणि तेव्हा पहिल्यांदा छिद्र सापडतं. फुप्फुसाचा दाब फार वाढलेला नसेल तर बहुतेकांचं जांघेतून बंद करता येतं. रुग्ण त्याला ‘छत्री बसवली’ म्हणतात. मात्र छिद्र वरच्या महाशिरेजवळ असेल तर साध्या एकोत ते निसटतं, आणि छत्रीही तिथे सहसा बसत नाही. म्हणून उजवी बाजू मोठी दिसतेय पण कारण सापडत नाही, अशा रिपोर्टवर समाधान मानू नये. अन्ननलिकेतून एको किंवा सीटी करून घ्यावा.

याच्या बरोबर उलट टोकाला आयझेनमेंगर. खालचं मोठं छिद्र किंवा मोठी पीडीए (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारी, जन्मानंतर मिटायची राहिलेली वाहिनी) लहानपणी बंद झाली नाही, फुप्फुसाच्या वाहिन्या वर्षानुवर्षांच्या दाबाने कडक झाल्या, आणि रक्त उलट दिशेला वाहायला लागलं. ओठ निळे, नखं फुगीर. इथे छिद्र बंद करायचं नसतं. उजव्या कप्प्याला दाब मोकळा करायला तेवढीच जागा उरलेली असते, ती बुजवली तर तो कोसळतो. ‘पैसे जमवलेत, आता ऑपरेशन करा’ म्हणणाऱ्या बापाला हे समजावणं माझ्या कामातलं सर्वांत अवघड काम आहे. या लोकांचं हिमोग्लोबिन १८-२० असतं आणि कुणीतरी ‘रक्त घट्ट झालंय’ म्हणून बाटलीभर काढून टाकतं. सरसकट असं करू नये. शरीराला कमी प्राणवायूत जगायला ते रक्त हवं असतं, आणि वारंवार काढल्याने लोह संपून उलट पक्षाघाताचा धोका वाढतो. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, बोसेंटान अशी औषधं त्यांना चालणं-फिरणं परत देतात. गर्भधारणा मात्र त्यांच्यात आईच्या जिवावर बेतते. हे लग्नाआधी दोन्ही घरांना सांगायला हवं आणि ते सांगितलं जात नाही.

कुस्तीच्या गावात आणखी एक सांगतो. तालमीतला पंचवीस वर्षांचा पोरगा, बीपी १७०, सगळे म्हणतात खुराकाने किंवा ताणाने झालंय. अशा पोराच्या जांघेतली नाडी हाताला लागते का, हे बघायला अर्धं मिनिट लागतं. हाताचा दाब जास्त, पायाचा कमी, म्हणजे महाधमनी वाटेत अरुंद आहे. बऱ्याचदा तिथे स्टेंट बसवून काम होतं. सोडून दिलं तर डावा कप्पा जाड होत जातो आणि चाळिशीच्या आसपास थकतो. यांच्यात दोन पाकळ्यांची महाधमनीची झडपही बऱ्याचदा सोबत असते, तेव्हा महाधमनी फुगली नाही ना हे पाहिल्याशिवाय वजन उचलू देऊ नये.

धमन्यांची अदलाबदल होऊन जन्मलेली आणि जुन्या मस्टर्ड किंवा सेनिंग पद्धतीने ऑपरेशन झालेली माणसं, आणि कामाचा एकच कप्पा असल्याने ‘फॉन्टान’ नावाचं ऑपरेशन झालेली, यांचं प्रकरण वेगळं आणि जड आहे. पहिल्या गटात उजवा कप्पा आयुष्यभर साऱ्या शरीराचा भार ओढतो. दुसऱ्यात यकृत आधी खराब होतं. या दोघांनी वर्षातून एकदा तरी अशा आजारांच्याच केंद्रात दाखवलं पाहिजे, स्थानिक उपचारांवर भागणार नाही.

आता दुसऱ्या मुलाचं. सासरच्यांना सांगा की हा प्रश्न आत्ता बंद आहे, कायमचा नाही. फॅलोचं ऑपरेशन झालेल्या आणि उजवा कप्पा ठीक असलेल्या कितीतरी स्त्रिया सुखरूप बाळंत होतात. तुमची बहीणही झालीय. पण गरोदरपणात रक्ताचं आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढतं, आणि आधीच फुगलेल्या, गळत्या कप्प्यावर तो भार टाकायचा नसतो. आधी तपासण्या, गरज असेल तर झडप, मग सहा महिने ते वर्षभराने परत मोजमाप, आणि मग विचार. फेल्युअरच्या औषधांपैकी एनालाप्रिल, टेल्मिसार्टनसारखी काही बाळाला घातक असतात, त्यामुळे ‘चुकून राहिलं’ हे इथे परवडत नाही. तोवर पाळणा लांबवायचा उपाय डॉक्टरांना विचारून ठरवा. लय बिघडलेली किंवा गुठळीचा धोका असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी टाळावी. आणि पुढे कुटुंब पुरे असं ठरलं तर शस्त्रक्रिया नवऱ्याने करून घ्यावी. हृदयाची रुग्ण असलेल्या बाईला भूल द्यायची आणि धडधाकट माणूस बाहेर बाकावर बसलेला, हे चित्र मला पटत नाही.

घरातल्या गोष्टींमध्ये मीठ पहिलं. दिवसभराचं सगळं मिळून चहाचा एक लहान चमचा, ५ ग्रॅमच्या आत. कोल्हापुरी घरात जेवणातलं तिखट नडत नाही, नडतं ते लोणचं, पापड, खारातली मिरची, ठेचा आणि रश्श्याच्या तिसऱ्या वाटीतलं मीठ. पांढरा रस्सा सौम्य लागतो म्हणून त्यात मीठ नसतं असं नाही. ‘लो सॉल्ट’ नावाचं मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाय सुजायची वाट न बघता फोन करायचा. गुडघे-पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, त्याने पाणी धरतं. नवरात्रात कडक उपास धरून पाण्याची गोळीही चालू ठेवली की तिसऱ्या दिवशी चक्कर येते. अंबाबाई समजून घेते, किडनी घेत नाही.

ताप. हे दोनदा वाचा. झडपेचा, ठिगळाचा, छिद्राचा रुग्ण असेल आणि चार-पाच दिवस ताप उतरत नसेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी रक्ताचं कल्चर काढून घ्या. आपल्याकडे पहिल्याच दिवशी इंजेक्शन घ्यायची सवय आहे. त्याने ताप दबतो, झडपेवरचा जंतू दबत नाही, आणि नंतर कल्चरमध्ये तो सापडतही नाही. झडपेला जंतू चिकटला की आठवडाभरात ती कुरतडली जाऊ शकते. कृत्रिम किंवा जैविक झडप बसल्यावर दात काढणं, हिरड्यांचं काम याआधी तासभर अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम घ्यायचं असतं, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर. आणि मिश्री बंद. हिरड्या चांगल्या ठेवणं हे गोळीपेक्षा महत्त्वाचं.

जुनी फाईल शोधा. ठिगळ कड्यावरून गेलंय का, एखादी नळी बसवलीय का, हृदयाची स्वतःची रक्तवाहिनी आडवी आलेली होती का, हे सगळं त्या ऑपरेशन नोटमध्ये असतं आणि पुढच्या सर्जनला सोन्यासारखं असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळपासून शहरापर्यंत कितीतरी घरांतल्या फायली पंचगंगेत गेल्या. तुमची गेली असेल तर मुंबईच्या त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाला नाव, वर्ष आणि वडिलांचं नाव घालून अर्ज करा. जुन्या नोंदी कधीकधी सापडतात. मिळाली की प्रत्येक पानाचा फोटो दोन मोबाईलमध्ये.

कुठे दाखवायचं? रोजचं काम, म्हणजे सूज, ईसीजी, गोळ्यांचे डोस, रक्त तपासण्या, कोल्हापुरातच होतं. तिथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही सुरुवात करता येते. पण झडप कधी आणि कोणत्या मार्गाने, हा निर्णय जन्मजात आजारांचे सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट एकत्र बसतात अशा पुण्या-मुंबईच्या केंद्रात एकदा घ्या. आमच्याही बाजूचं खरं सांगायचं तर, मोठ्यांचे बहुतेक हृदयरोगतज्ज्ञ अडलेल्या रक्तवाहिन्यांवर घडलेले असतात, आणि मुलांचे तज्ज्ञ मोठ्यांना पाहत नाहीत. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून शाळा-अंगणवाडीत मुलं तपासून मोफत शस्त्रक्रियेपर्यंत नेतो, चांगलं काम आहे, पण तोही १८ वर्षांपर्यंतच. त्यानंतर रुग्ण कुणाचाच नसतो. म्हणून तुम्ही कुठेही जा, पहिल्या वाक्यात ‘लहानपणी फॅलोचं ऑपरेशन झालंय’ असं सांगा. दम लागतो, हे नंतर.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आहेत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, दोन गोष्टी आधी विचारा: हे हॉस्पिटल योजनेत आहे का, आणि नेमकी हीच शस्त्रक्रिया, झडपेच्या किमतीसह, त्यात बसते का. नळीतून बसवायच्या झडपेच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. कमी पडले तर मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज करता येतो.

राहिला तुमचा भाचा. आईला जन्मजात आजार असला की मुलाला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, साधारण शंभरात तीन ते पाच. त्याचा एको एकदाही झाला नसेल तर बहिणीला न्याल त्याच दिवशी त्यालाही बरोबर घ्या.